जनगणना झालीच नाही, मग १४० कोटी हा आकडा येतो कुठून?

प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांत अडकलेले आहेत. पहिला असा, की २०११ नंतर देशात जनगणनेचा आकडा आलेला नाही, तरी 'भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या वर' हे आपण रोज ऐकतो, तर हा आकडा काढतं कोण? दुसरा असा, की प्रश्न विचारणाऱ्यांची मुलगी संख्याशास्त्रात बी.एस्सी. करते आहे, तिला पुढे लोकसंख्याशास्त्र घ्यायचं आहे, आणि घरच्यांना कळत नाहीये की या विषयातली माणसं दोन जनगणनांच्या मधली दहा वर्षं करतात तरी काय. मी याच कामात उमेदीची वर्षं घालवली आहेत, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करू. आम्ही माणसं मोजत नाही. मोजतात ते प्रगणक, म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या-आमच्या शाळेतले शिक्षक. आमचं काम त्यांची मोजणी संपली की सुरू होतं. आलेला आकडा कितपत खरा, चुकला असेल तर कुठल्या बाजूला झुकलाय, आणि जिथे मोजणीच नाही तिथे हाताशी असलेल्या तुकड्यांवरून काय म्हणता येईल, हे ठरवणं हा आमचा धंदा. संशय घेणं हे यातलं निम्मं कौशल्य आहे.

वयाचंच बघा. जनगणनेत एकेका वर्षानुसार किती माणसं, असा तक्ता असतो. त्याचा आलेख काढला की ३०, ३५, ४०, ४५, ५० या वयांवर मनोरे उभे राहतात आणि ३१, ३९, ४१ वर खड्डे पडतात. चाळीस वर्षांपूर्वी देशात अचानक जास्त बाळं जन्मली आणि त्याच्या पुढच्या वर्षी जन्मायची थांबली, असं काही नसतं. "वय किती?" "असेल चाळीसेक." झालं, ४० लिहिलं. यावर उपाय म्हणून प्रगणकाला आणि सर्वेक्षकाला स्थानिक घटनांची यादी वापरायला शिकवतात. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा, किल्लारीचा सप्टेंबर १९९३ चा, पानशेतचा पूर जुलै १९६१ चा. मराठवाड्यातल्या एखाद्या आजीला जन्मसाल विचारून काही मिळत नाही, पण "बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होता का? तेव्हा लग्न झालेलं का?" असं विचारलं की वय दोन-तीन वर्षांच्या अंतरात सापडतं. तरीही मनोरे राहतातच. ते किती उंच आहेत हे मोजायला व्हिपल निर्देशांक वापरतात. २३ ते ६२ या वयांमधली शून्य आणि पाचवर संपणारी माणसं घ्यायची, त्या वयोगटातल्या एकूण माणसांच्या एक पंचमांशाने भागायचं आणि शंभरने गुणायचं. उत्तर १०० आलं तर वयं नीट सांगितली आहेत, ५०० आलं तर एकाही माणसाने दुसरा आकडा उच्चारलेला नाही. हे अंक बघितल्याशिवाय पुढच्या कुठल्याही हिशेबाला हात लावायचा नाही, ही आमची शिस्त.

खुद्द एकूण आकडासुद्धा असाच तपासला जातो. २०११ ची मोजणी झाल्यावर निवडक भागांत पुन्हा स्वतंत्र मोजणी केली गेली. त्यातून निघालं की दर हजार माणसांमागे निव्वळ २३ सुटली होती. १२१ कोटींच्या देशात ही पावणेतीन कोटींच्या आसपास माणसं झाली. अधिकृत आकडा त्यानुसार बदलत नाहीत, तो मोजला तसाच राहतो. पण पुढचा अंदाज बांधताना ही गळती डोक्यात ठेवावी लागते, आणि कोण सुटतं हेही. शहरात गावापेक्षा जास्त सुटतात. तान्ही बाळं तर हमखास सुटतात, कारण "घरात किती जण?" या प्रश्नाच्या उत्तरात पाळण्यातल्या जिवाची आठवण पुष्कळांना होत नाही.

आता मधली दहा वर्षं. यात आमचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे नमुना नोंदणी पद्धती, इंग्रजी आद्याक्षरांनी एसआरएस. १९६०च्या दशकाच्या शेवटी ती देशभर लागू झाली आणि अजून चालू आहे. देशात ८,८०० च्या वर नमुना गावं आणि शहरी गट निवडलेले आहेत. प्रत्येक ठिकाणी एक स्थानिक माणूस, शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, झालेला प्रत्येक जन्म आणि मृत्यू लिहीत जातो. दर सहा महिन्यांनी दुसराच एक पर्यवेक्षक येतो. पहिल्याची वही न बघता तो घरोघर जाऊन त्याच सहा महिन्यांचे जन्म-मृत्यू नव्याने विचारतो. मग दोन्ही याद्या जुळवतात. जे एकाच यादीत आहेत त्यांच्या घरी पुन्हा जातात.

या दुहेरी यादीमागचं गणित मला आजही फार देखणं वाटतं. १९४९ साली सी. चंद्रशेखरन आणि डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ते मांडलं, कोलकात्याजवळच्या सिंगूरच्या नोंदींवर. समजा दोन्ही याद्यांत सापडलेले जन्म १५०, फक्त पहिल्या यादीत ३०, फक्त दुसऱ्या यादीत २०. तर दोघांनाही न सापडलेले किती? ३० गुणिले २०, भागिले १५०, म्हणजे ४. एकूण जन्म २०४. जे कोणीच पाहिलं नाही त्याची संख्या, ज्यांनी पाहिलं त्यांच्या चुकांवरून! अट एकच, दोघांच्या चुका एकमेकांपासून स्वतंत्र हव्यात. आणि प्रत्यक्षात तिथेच पाणी मुरतं. जन्मून तासाभरात गेलेलं बाळ, माहेरी झालेलं आणि माहेरीच गेलेलं बाळ दोघांच्याही यादीतून निसटतं. हे सूत्र त्याला पकडू शकत नाही. म्हणून अर्भकमृत्यूचा आकडा खाली आला की आम्ही आनंदाआधी शंका काढतो.

बाळांच्या मृत्यूंसाठी दुसरी एक वाट आहे, ती लोकसंख्याशास्त्रज्ञ विल्यम ब्रास यांची. स्त्रीला दोनच गोष्टी विचारायच्या: एकूण किती मुलं झाली, आणि त्यांतली आज किती आहेत. तारखा नकोत, वयं नकोत. वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांच्या मुलांपैकी जितकी गेली, त्या प्रमाणावरून जन्मापासून दोन वर्षांच्या आत दगावण्याचा धोका निघतो. तीस ते चौतीसच्या स्त्रियांवरून पाच वर्षांपर्यंतचा. नोंदवह्या नसलेल्या देशांत बालमृत्यूचे आकडे पुष्कळ काळ याच दोन प्रश्नांवर उभे होते. आपल्या जनगणनेतही विवाहित स्त्रियांना हे विचारतात.

मग येतं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. पहिली फेरी १९९२-९३ ची, पाचवी २०१९-२१ ची. ते आमच्या देवनारच्या संस्थेमार्फत होत आलं आहे. संस्थेचं पूर्ण नाव आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, पण या क्षेत्रात 'देवनार' म्हटलं की पुरतं. स्थापना १९५६ ची. पाचव्या फेरीत देशाचा एकूण जनन दर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणारी मुलं, २.० आला, महाराष्ट्राचा १.७. पहिल्या फेरीत देशाचा ३.४ होता. एका पिढीत एवढी घसरण. ज्यांना अजून 'लोकसंख्येचा स्फोट' दिसतो त्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवावेत.

पण सर्वेक्षणाच्याही खोडी असतात. गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांबद्दल प्रश्नांचं लांबलचक प्रकरण असतं: लसी, जुलाब, वजन, दूध. उन्हातान्हात दिवसभर फिरणाऱ्या सर्वेक्षक मुलीला लवकरच कळतं की बाळाचा जन्म पाचऐवजी सहा वर्षांपूर्वी लिहिला तर ते अख्खं प्रकरण वाचतं. माहिती देवनारला किंवा आणखी कुठे पोचते तेव्हा पाचव्या वर्षी खड्डा आणि सहाव्या वर्षी उंचवटा दिसतो. तसंच पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या बायका एकदम ५० च्या होतात, कारण मुलाखत १५ ते ४९ च्याच स्त्रियांची असते. जगभरच्या सर्वेक्षणांत हे होतं. मी त्या मुलींना दोष देत नाही. प्रश्नावली लांबवत नेणाऱ्यांनी आधी स्वतः एक दिवस फिरून बघावं.

सगळ्यात अवघड काय, असं विचारलंत तर मी डोळे मिटून सांगेन, स्थलांतर. जन्म एकदा होतो, मृत्यू एकदा होतो. माणूस मात्र कितीही वेळा जातो-येतो. बीड जिल्ह्यातून, पाथर्डी भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि कोल्हापूर-सांगलीपासून कर्नाटकापर्यंत कारखान्यांच्या पट्ट्यात मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम. २०११ ची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. नियम असा, की या सगळ्या काळात जो घरी नव्हता त्याला घरी धरायचं नाही, जिथे आहे तिथे मोजायचं. म्हणजे उसाच्या फडाशेजारच्या कोप्यांवर, तात्पुरत्या झोपड्यांवर. पण प्रगणकाच्या हातातली घरयादी आदल्या वर्षी केलेली असते, आणि तेव्हा त्या जागी कोप्या नव्हत्याच, नुसतं शेत होतं. जागरूक प्रगणक जातो, मोजतो. दुसरा एखादा रस्त्यावरूनच पुढे निघतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात हंगामी स्थलांतराची व्याख्या आहे ती महिना किंवा अधिक पण सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर राहणाऱ्यांची. तोडीचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. नेमका व्याख्येच्या काठावर. त्यामुळे ऊसतोड कामगार नक्की किती, यावर कोणी ठामपणे आकडा फेकला की मी आधी विचारते, कुठल्या महिन्यात आणि कुठे उभं राहून मोजलेत?

कोकणाची गोष्ट वेगळी. रत्नागिरीची लोकसंख्या २००१ मध्ये १६.९७ लाख होती, २०११ मध्ये १६.१५ लाख. सिंधुदुर्गातही घटली. मुंबई शहर जिल्ह्याचीही ३३.३८ लाखांवरून ३०.८५ लाखांवर आली. वरवर बघता तिन्ही जिल्हे सारखेच 'घटते'. पण कोकणातून माणूस बाहेर पडतोय आणि दक्षिण मुंबईतून तो उपनगरांत आणि त्याही पुढे सरकतोय. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याने त्याच दहा वर्षांत १ कोटी १० लाखांचा टप्पा ओलांडला आणि तो देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला.

लिंग गुणोत्तराबाबत तर दरवेळी घोळ होतो. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. यावर 'कोकणात स्त्रीचा सन्मान' असे लेख मी वाचले आहेत. सन्मान असेलही, पण हा आकडा तो सांगत नाही. तो सांगतो की पुरुष मुंबईला आहेत. मुंबई शहराचं गुणोत्तर ८३२ आहे, त्याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. जन्माआधी काय घडतंय हे बघायचं तर शून्य ते सहा वयाचे आकडे काढावे लागतात, कारण एवढी लहान मुलं एकटी नोकरीला जात नाहीत. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. बीडमध्ये शून्य ते सहा वयोगटात २०११ साली हजारामागे ८०७ निघाल्या. इतका फरक निसर्गाच्या खात्यावर टाकता येत नाही. महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ मध्येच, देशात सर्वांत आधी कायदा केला होता, हे लक्षात घेतलं की तो आकडा आणखी बोचतो.

दरांचेही सापळे आहेत, दोनच सांगते. केरळचा साधा मृत्युदर बिहारपेक्षा जास्त आहे. केरळात आरोग्यसेवा वाईट म्हणून? नाही, तिथे म्हातारी माणसं जास्त आहेत म्हणून. वयोरचना सारखी करून घेतल्याशिवाय दोन राज्यांची तुलना करायची नसते. दुसरा सापळा लहान आकड्यांचा. एखाद्या पाड्यावर वर्षात १२ जन्म झाले आणि एक बाळ गेलं, तर अर्भकमृत्यू दर, म्हणजे हजार जन्मांमागे वर्षाच्या आत गेलेली बाळं, ८३. पुढच्या वर्षी एकही नाही गेलं, तर शून्य. यावर 'दर ८३ वरून शून्यावर' अशी बातमी होते आणि कुणाचा तरी सत्कारही होतो.

आता १४० कोटी. पद्धत सांगायला सोपी आहे. २०११ चे वयवार आकडे घ्यायचे, वर सांगितलेले मनोरे-खड्डे सपाट करायचे. मग प्रत्येक वयोगट एकेक पायरी पुढे सरकवायचा: त्यातली किती माणसं जगतील हे आयुर्मान सारणीवरून, किती बाळं जन्मतील हे जनन दरावरून, आणि किती आले-गेले हे स्थलांतराच्या अंदाजावरून. जनन आणि मृत्यूचे दर दरवर्षी एसआरएस देत राहते, म्हणून हे आंधळेपणाने चालत नाही. केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने याच रीतीने २०११ ते २०३६ चं प्रक्षेपण, म्हणजे पुढच्या लोकसंख्येचं अंदाजगणित, केलं. त्यात २०३६ ला देश १५२ कोटींवर जातो, मध्यम वय २४.९ वरून ३४.५ होतं. संयुक्त राष्ट्रांचं गणित स्वतंत्र आहे. २०२३ च्या मध्याला भारत १४२.८६ कोटी आणि चीन १४२.५७ कोटी, ही त्यांची आकडेवारी. भारताने चीनला मागे टाकल्याची बातमी आली ती तिथूनच. दोघांच्या आकड्यांत काही कोटींचा फरक आहे आणि त्यात गैर काही नाही. गृहीतकं थोडी वेगळी धरली की पंधरा वर्षांत एवढं अंतर पडतंच.

जनन दर दोनवर आला तरी लोकसंख्या वाढते कशी, हेही बरेच जण विचारतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या भरगच्च पिढ्या आज आई-बाप होताहेत. प्रत्येक जोडप्याला दोनच मुलं झाली तरी जोडपीच जास्त आहेत. हा जोर ओसरायला काही दशकं लागतात.

मग जनगणना लांबल्याने बिघडलं काय? पुष्कळ. अन्नसुरक्षा कायद्याखालचे लाभार्थी ग्रामीण भागात ७५ टक्के आणि शहरी भागात ५० टक्के धरतात, पण ते टक्के २०११ च्या लोकसंख्येवर. त्यानंतर वाढलेली माणसं त्या कोट्यात नाहीत. महापालिकांच्या प्रभागरचना २०११ च्या आकड्यांवर होतात. आणि बहुतेक मोठी सर्वेक्षणं नमुना निवडतात ती २०११ च्याच यादीतून. जिथे तेव्हा भातखाचरं होती आणि आज बारा मजली इमारती आहेत, त्या भागांना त्या यादीत अजूनही भातखाचरांइतकंच वजन. एकूण देशाचा आकडा प्रक्षेपणाने निभावतो. तालुक्याचा, वॉर्डाचा निभावत नाही. मला विचाराल तर खरं नुकसान तिथे आहे.

कोविडच्या मृत्यूंबाबत जो वाद झाला तोही याच कामाचा भाग. नोंदणीच्या आकडेवारीत २०१९ मध्ये देशात सुमारे ७६ लाख मृत्यू होते, २०२० मध्ये ८१ लाख, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. जागतिक आरोग्य संघटनेने त्या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला, सरकारने तो फेटाळला. जादा मृत्यू काढायचे तर 'साथ नसती तर किती झाले असते' ही रेषा आधी ओढावी लागते, आणि नोंदणीच सुधारत असेल तर वाढलेल्या नोंदींतला किती भाग साथीचा आणि किती सुधारणेचा, हे वेगळं करावं लागतं. भांडण नेमकं त्या रेषेवर होतं. १९१८ च्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीतही हेच झालं. गावपातळीवरच्या नोंदीच कोलमडल्या, म्हणून मृतांचा अंदाज १९२१ च्या जनगणनेत कमी सापडलेल्या माणसांवरून बांधावा लागला. तो १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत हलतो. आपल्या जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटलेलं ते एकच दशक.

राहिला मुलीचा प्रश्न. देवनारला एम.ए., एम.एस्सी. आणि पुढचंही शिकता येतं. पुण्याच्या गोखले संस्थेत लोकसंख्या संशोधन केंद्र आहे. कुमुदिनी दांडेकरांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतल्या जनन-मृत्यूंवर १९५०च्या दशकात जे काम सुरू केलं ते त्याच संस्थेत. नोकऱ्या सरकारी सांख्यिकी विभागांत, आरोग्य प्रकल्पांत, सर्वेक्षण संस्थांत, विद्यापीठांत. पगार संगणक कंपन्यांसारखे नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. गणित लागतं पण अफाट नाही. स्टाटा किंवा आर ही आकडेमोडीची सॉफ्टवेअर येणं हल्ली गृहीतच असतं. जास्त गरज आहे ती खेड्यात जाऊन तासभर बसण्याच्या तयारीची, कारण आकडा कुठे वाकतो हे संगणकासमोर बसून कळत नाही. वेळही बरी आहे. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक जाहीर झाला आहे, मोजणी कागदाऐवजी मोबाइलवर होणार आहे आणि जातीची नोंदही होणार आहे. ती माहिती तपासून, साफ करून वापरण्याजोगी करायला पुढची कित्येक वर्षं हात कमी पडतील.

प्रवेशअर्ज भरण्याआधी तिला एक करायला सांगा. २०११ च्या जनगणनेचा सी-१३ हा एकेका वर्षाच्या वयाचा तक्ता संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यातून तुमच्या जिल्ह्याचे आकडे घेऊन व्हिपल निर्देशांक काढायला सांगा, पुरुषांचा वेगळा, स्त्रियांचा वेगळा, गावाचा वेगळा, शहराचा वेगळा. संध्याकाळभराचं काम आहे. चारही उत्तरं वेगळी आली आणि ती का वेगळी आली हे शोधायला ती रात्री जेवण विसरून बसली, तर अर्ज भरा. कंटाळली, तर संख्याशास्त्रात इतर वाटा पुष्कळ आहेत.